डॉट कॉम आधीच कुणीतरी नेलंय, डॉट इनवर भागेल का?

वाचक विचारतात : नेट आणि वेबसाइट

मागच्या दोन महिन्यांची पत्रं नि मेल एकत्र काढून बसलो तर बहुतेकांचा घोळ एकाच ठिकाणी, नाव ठरलंय पण शेपूट ठरत नाहीये. शेपूट म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या, म्हणजे डोमेनच्या, शेवटी येणारं ते डॉट कॉम, डॉट इन वगैरे, ज्याला एक्स्टेन्शन म्हणतात. तेव्हा या वेळी सगळं शेपटावरच.

प्रश्न : नमस्कार सर. आम्ही तासगावचे, बेदाण्याचा धंदा आहे, वडिलांपासूनचा. आत्तापर्यंत सगळा माल सौद्यात नाहीतर व्यापाऱ्यांमार्फत जायचा, पण दोन वर्षं झाली अर्धा किलो आणि एक किलोचे पाऊच करून व्हॉट्सॲपवर ऑर्डरी घेतोय, पुण्या-मुंबईला कुरिअर करतो, बरं चाललंय. आता वेबसाइट करायचं ठरलंय. आमच्या ब्रँडच्या नावाचं डॉट कॉम कुणीतरी आधीच घेऊन ठेवलंय, उघडलं की नुसतं 'हे डोमेन विकणे आहे' असं येतं, मेल केला तर एक लाख ऐंशी हजार सांगितले. डॉट इन मोकळं आहे. भाचा म्हणतो डॉट इन घेऊन टाक मामा. मुलगी म्हणते डॉट कॉम नसलं की साइट खोटी वाटते, मधे डॅश टाकून डॉट कॉमच घेऊ. वेबसाइट करणारा पोरगा म्हणतो डॉट शॉप घ्या, नव्याण्णव रुपयात आहे आणि मीच काढून देतो. पुढंमागं दुबईला पण माल पाठवायचा विचार आहे. काय करू?
एक बेदाणेवाला, तासगाव

उत्तर : दादा, भाच्याचं ऐका. डॉट इन घ्या, आणि हे उत्तर वाचून झाल्यावर नाही तर आत्ताच घ्या, कारण तुम्ही त्या डॉट कॉमवाल्याला मेल केलाय म्हणजे या नावाला गिऱ्हाईक आहे हे त्याला कळलंय, आणि उद्या त्यानेच डॉट इन पण उचललं तर दोन्ही हातचं जाईल. हजाराच्या आतबाहेरचा खर्च आहे. घेतलंत? आता निवांत बोलू.

मुलीचं म्हणणं चूक नाहीये, फक्त दहा-पंधरा वर्षं जुनं आहे. एके काळी वेबसाइट म्हणजे डॉट कॉमच असं लोकांच्या डोक्यात पक्कं होतं. आता रेल्वेचं तिकीट काढतो ती आयआरसीटीसी डॉट को डॉट इन, एलआयसीची साइट डॉट इन, अमेझॉनवरून चार्जर मागवतो ते अमेझॉन डॉट इन, तिथं कुणी दचकत नाही. साइट खोटी वाटते ती वेगळ्याच कारणांनी. फोन नंबर नाही, पत्ता नाही, फोटो कुठल्यातरी इराणी किसमिसचे गुगलवरून उचललेले, पैसे भरायला कुणाचातरी पर्सनल यूपीआय. तुमच्या शेडचा, जाळीवर सुकत घातलेल्या मालाचा एक साधा मोबाइलवर काढलेला फोटो टाका, त्यापुढं शेपूट काय आहे ते कुणी बघत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती सांगायलाच पाहिजे. बोटाला सवय डॉट कॉमची असते. पाऊचवरचं नाव वाचून कुणी टाइप करायला गेलं की नावापुढं आपोआप कॉम पडतं नि तो माणूस त्या विक्रीच्या पानावर जाऊन धडकतो, मग म्हणतो यांची साइट बंद आहे वाटतं. यावर उपाय म्हणजे पाऊचवर क्यूआर कोड, म्हणजे टाइप करायचा प्रश्नच नाही, आणि छापताना 'डॉट इन' ही दोन अक्षरं वेगळ्या रंगात, जरा ठसठशीत. मेलचं त्याहून नाजूक आहे. ऑर्डरसाठीचा मेल आयडी तुमच्या डोमेनवर काढलात आणि समोरच्यानं चुकून डॉट कॉमला पाठवला, तर तो मेल परत येईलच असं नाही, तिकडच्या माणसाच्या डब्यात पण पडू शकतो. म्हणून व्यापाऱ्यांशी दरांची बोलणी असतील तर आयडी बोलून सांगू नका, आधी तुम्ही त्यांना मेल टाका नि त्यालाच रिप्लाय मागा.

डॅशचा नाद सोडा. फोनवर एकदा सांगून बघा कुणाला, 'अमुक, मग मधे आडवी रेघ, नाही नाही खालची नाही, मधली, वजाबाकीची, हां, मग तमुक.' तिसऱ्या वेळी तुम्हीच कंटाळाल. शिवाय लोक डॅश विसरतात, आणि विसरले की पोचतात कुठं? त्याच विक्रीच्या पानावर. म्हणजे पैसे भरून त्याचीच जाहिरात.

डॉट शॉप वाईट नाही. २०१२ साली आयकॅन या संस्थेने, म्हणजे जगभरच्या या शेपटांचा कारभार बघणाऱ्या संस्थेने, नवीन शेपटांसाठी अर्ज मागवले, त्यातून डॉट शॉप, डॉट ऑनलाइन, डॉट स्टोअर असली शेकडो आली. डॉट ऑनलाइन, डॉट स्टोअर, डॉट टेक वगैरे चालवणारी रॅडिक्स तर मुंबईच्या डायरेक्टी ग्रुपमधून निघालेली कंपनी आहे, म्हणजे परकं काही नाही. पण नव्याण्णव रुपये हे पहिल्या वर्षाचे. कार्टमध्ये टाकल्यावर खाली बारीक अक्षरात रिन्यूअलचा आकडा असतो तो वाचा, त्यावर १८ टक्के जीएसटी धरा, आणि मग डॉट इनच्या रिन्यूअलशी लावून बघा. पहिल्या वर्षाचा भाव बघून डोमेन घेणं म्हणजे सॅम्पलच्या बेदाण्यावर अख्ख्या गाडीचा सौदा करणं, हे तुम्हाला मी काय सांगू.

आता ते एक लाख ऐंशी हजार. देऊ नका. तो माणूस चोर आहे असं पण नाही हां, नावं घेऊन ठेवायची नि विकायची हा जगभर चालणारा धंदा आहे, प्लॉट घेऊन ठेवल्यासारखा. त्याच्याविरुद्ध तक्रार करता येते का? येते, पण तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. ते नाव तुमच्या ट्रेडमार्कसारखंच आहे, त्याचा स्वतःचा त्या नावाशी काही संबंध नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं नि वापरलं. तुमचा ब्रँड दोन वर्षांचा आणि त्याचं डोमेन त्याआधीचं असेल तर तिसरी गोष्ट सिद्धच होणार नाही, कारण तुम्ही नव्हताच तर त्याने तुमचं नाव चोरलं कसं? डॉट कॉमच्या तक्रारी वायपोकडे, म्हणजे ट्रेडमार्क-पेटंटचं बघणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेकडे चालतात, तिथं एका पंचासाठी नुसती फीच १,५०० डॉलर आहे, म्हणजे सव्वा लाखाच्या वर, वकील वेगळा. डॉट इनच्या भांडणांना आपल्याकडे वेगळी सोय आहे, आयएनडीआरपी म्हणतात, लवाद इथलाच असतो. डोमेनचं नाव हे ट्रेडमार्कसारखंच जपलं जाऊ शकतं हे आपल्या सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या केसमध्ये सांगून ठेवलंय, पण त्याचा फायदा ज्याचं नाव आधीपासून बाजारात चालतंय त्याला. म्हणून आधी ट्रेडमार्कचा अर्ज करा. सुकवलेली फळं २९ नंबरच्या क्लासमध्ये येतात, एकट्या माणसाला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे. एक लाख ऐंशीपेक्षा हे पैसे जास्त कामाचे.

दुबई. डॉट इनची साइट दुबईत उघडत नाही असं काही नाही, कुठंही उघडते. फरक पडतो तो गुगलमध्ये. गुगल देशाचं शेपूट बघून समजतं की ही साइट त्या देशातल्या लोकांसाठी आहे, त्यामुळे पुण्यात कुणी बेदाणा शोधला तर डॉट इनला थोडा हातभार लागतो आणि दुबईत शोधला तर तो लागत नाही. डॉट कॉमवर हे बंधन नाही. पूर्वी सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटवाल्यांसाठी गुगलने दिलेल्या टूलमध्ये, 'माझी डॉट कॉम साइट अमुक देशासाठी आहे' असं सांगायची सोय होती, ती २०२२ मध्ये काढून टाकली. डॉट इनला तर ती कधीच नव्हती, शेपटातच देश आहे म्हटल्यावर वेगळं काय सांगणार. पण खरं सांगू का, दुबईचा आयातदार गुगलवर 'बेदाणा' टाकून तुमच्यापर्यंत येणार नाहीये, तो ओळखीतून नाहीतर प्रदर्शनातून येईल आणि त्याला तुमचं शेपूट नाही तर लॅबचा रिपोर्ट बघायचा असेल. तरी मनात रुखरुख राहणार असेल तर ब्रँडच्या नावापुढं बेदाणा किंवा फार्म्स जोडून डॉट कॉम मिळतंय का बघा, मिळालं तर घेऊन डॉट इनकडे वळवून ठेवा. उद्या एक्सपोर्ट खरंच उभा राहिला तर त्याची वेगळी इंग्रजी साइट त्यावर करता येईल.

एवढं सगळं लिहिलं पण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य शेपटाबद्दल नाहीच आहे, 'मीच काढून देतो' हे आहे. त्या पोराच्या हेतूबद्दल शंका नाही, पण डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या मेल आयडीवर, तुमच्या अकाउंटमधून काढा, तो शेजारी बसून बटणं दाबू दे. हे मी अनुभवावरून सांगतोय आणि त्यात चूक माझी आहे. २०१२ च्या सुमाराला मिरजेच्या एका मसालेवाल्यांचं डोमेन मी माझ्या अकाउंटवर काढलं होतं, सोपं पडतं म्हणून. कार्डाची मुदत संपली, रिन्यूअलचे मेल मी वापरायचा सोडलेल्या आयडीवर जात राहिले, आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर त्यांची साइट बंद, मेलही बंद. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन विकणारी कंपनी, जास्तीत जास्त ४५ दिवस थांबतो, त्यानंतर ३० दिवस रिडेम्प्शनचे, ज्यात नाव परत मिळतं पण दंडासकट, मग ५ दिवस लटकलेले आणि सहाव्या दिवशी कुणीही उचलावं. आमचं रिडेम्प्शनमध्ये सापडलं. दंड मी माझ्या खिशातून भरला, पण त्या काकांनी त्यानंतर मला दिवाळीचा मसाला पाठवला नाही. तेव्हा स्वतःच्या नावावर काढा, ऑटो रिन्यू चालू ठेवा, आणि जमलं तर पाच वर्षांचे पैसे एकदम भरा, दहा वर्षांपर्यंत भरता येतात. डॉट इनला नाव-पत्ता झाकायची प्रायव्हसी सर्व्हिस चालत नाही, त्यामुळे माहिती खरी भरा, कागदपत्रं मागितली तर देता आली पाहिजेत.

प्रश्न : डॉट इन आणि डॉट को डॉट इन यात भारी कुठलं? आमच्या सीएंचं म्हणणं कंपनी असेल तर को डॉट इनच घ्यावं लागतं.
इचलकरंजी

उत्तर : लागत नाही. हा समज जुन्या काळातला आहे. डॉट इन हे भारताला १९८९ मध्ये मिळालं, पण कितीतरी वर्षं ते मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेकडे होतं आणि सरळ 'नाव डॉट इन' मिळायचंच नाही, मधे को, नेट, ऑर्ग असं काहीतरी लागायचं, वर कागदपत्रांची फाइल. २००४ पर्यंत सगळी मिळून दहा हजार नावंसुद्धा झाली नव्हती. मग कारभार निक्सीकडे, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे आला, २००५ च्या फेब्रुवारीत सगळ्यांना खुलं केलं, आणि आज तीस लाखांच्या वर आहेत. आता कुणीही, अगदी परदेशातला माणूससुद्धा, सरळ डॉट इन घेऊ शकतो. लिंक्डइनच्या छोट्या लिंका बघितल्यात ना, शेवटी डॉट इन असतं, ते आपलंच, त्यांना शब्द जुळतो म्हणून घेतलंय. तुम्ही सरळ डॉट इन घ्या. स्पर्धक जवळचाच असेल तर को डॉट इन पण घेऊन ठेवा, नाहीतर गरज नाही.

प्रश्न : माझे पेन्शन ज्या बँकेत येते तिच्या वेबसाइटचा पत्ता अचानक बदलला आहे. पूर्वी साधा होता, आता शेवटी 'बँक डॉट इन' येते. मुलगा परदेशात असतो, तो म्हणाला बाबा क्लिक करू नका, फ्रॉड असेल. हे खरे आहे की फ्रॉड?
निवृत्त, वय ७४, नाशिक

उत्तर : काका, पत्ता खरा आहे, आणि मुलाची काळजी पण खरी आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं की भारतातल्या बँकांसाठी 'बँक डॉट इन' असं वेगळं शेपूट राहील, आणि बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जायला सांगितलं. ते देण्याचं काम फक्त आयडीआरबीटी या हैदराबादच्या संस्थेकडे आहे, तुम्ही-आम्ही पैसे भरून ते विकत घेऊ शकत नाही. देशाचं शेपूट असण्याचा मला पटलेला सगळ्यात मोठा फायदा हाच, दार आपल्या हातात असतं, कुणाला आत घ्यायचं ते ठरवता येतं. डॉट कॉमवर असा नियम रिझर्व्ह बँकेला लावताच आला नसता.

फक्त वाचायची सवय बदला. पत्ता उजवीकडून वाचायचा. नावानंतर पहिली तिरकी रेघ येते तिथं थांबा नि मागं या. स्टेट बँकेचं 'एसबीआय डॉट बँक डॉट इन' आहे, उजवीकडून आधी इन, मग बँक, मग एसबीआय, बरोबर. पण 'एसबीआय डॅश बँक डॅश इन डॉट कॉम' असं असेल तर शेवटी कॉम आहे, ते कुणीही घेऊ शकतं, बंद करा. मधे डॉटऐवजी डॅश असणं हीच सगळ्यात मोठी मेख. आणि मेसेजमधून आलेली लिंक खरी असली तरी दाबू नका, ॲप उघडा नाहीतर पत्ता हाताने टाइप करा.

प्रश्न : आम्ही तिघं मिळून एआयचं प्रॉडक्ट करतोय. डॉट एआय घ्यायचं की डॉट आयओ? इन्व्हेस्टरला डॉट इन लोकल वाटतं असं एकजण म्हणतो.
हिंजवडी, पुणे

उत्तर : तुम्हाला माहितीये का माहीत नाही, पण ही दोन्हीही देशांचीच शेपटं आहेत, फॅशनमध्ये ते झाकलं गेलंय. डॉट एआय हे अँग्विलाचं, कॅरिबियन समुद्रातलं ब्रिटनच्या ताब्यातलं बेट, वस्ती पंधरा-सोळा हजारांच्या आसपास, आपल्याकडे तालुक्याच्या गावाला याहून जास्त माणसं असतात. चॅटजीपीटीची लाट आली आणि २०२३ मध्ये या बेटाला नुसत्या डोमेनमधून ३ कोटी डॉलरच्या वर मिळाले, सरकारी उत्पन्नाचा पाचवा हिस्सा साधारण. लॉटरीच लागली की. डॉट एआय एका वर्षासाठी मिळत नाही, कमीत कमी दोन वर्षांचे पैसे लागतात आणि ते डॉट इनच्या कितीतरी पट. गुगलची अडचण नाही, गुगल एआय, आयओ, को, मी, टीव्ही या शेपटांना देशाचं न मानता सगळ्या जगाचं मानतं.

डॉट आयओची गोष्ट जरा गुंतागुंतीची. ते ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरीचं, म्हणजे चागोस बेटांचं, जिथं दिएगो गार्सियाचा अमेरिकन तळ आहे आणि जिथल्या मूळ लोकांना साठ-सत्तरच्या दशकात उचलून बाहेर काढलं. ही बेटं मॉरिशसला द्यायचं ब्रिटनने २०२४ मध्ये जाहीर केलं, २०२५ च्या मेमध्ये करारावर सह्या झाल्या. आता गंमत अशी की दोन अक्षरी शेपूट हे देशांच्या आंतरराष्ट्रीय यादीवर चालतं, त्या यादीतून आयओ हा कोड निघाला तर शेपूट पण काढून घ्यायचं असा नियम आहे, त्याला साधारण पाच वर्षांची मुदत मिळते. युगोस्लाव्हिया फुटल्यावर डॉट वाययू असंच २०१० मध्ये बंद झालं. उलट सोव्हिएत युनियन जाऊन तीन दशकं झाली तरी डॉट एसयू अजून जिवंत आहे, म्हणजे नियम एक आणि चालतं दुसरंच. एवढ्या धंदेवाल्यांचं आयओवर बस्तान आहे म्हटल्यावर उद्या सकाळी बंद होईल असं मला वाटत नाही, पण मी आज नवीन घेणार नाही.

देशाचं शेपूट घेतलं म्हणजे त्या देशाच्या अंगणात राहायला गेलात, घरमालकाचे नियम तुम्हाला लागू. ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं तेव्हा तिथल्या हजारो लोकांची डॉट ईयू नावं १ जानेवारी २०२१ ला बंद केली, त्यांनी काहीही चूक केली नव्हती, फक्त त्यांचा देश बाहेर पडला होता. २०२४ च्या फेब्रुवारीत क्विअर डॉट एएफ नावाची साइट बंद पडली, कारण एएफ हे अफगाणिस्तानचं आणि तिथं तालिबान. नाव शब्दखेळ म्हणून घेतलं होतं, एएफ म्हणजे काय हे इंग्रजी बोलणाऱ्या पोरांना माहितीये, पण मालक कोण ते बघितलं नाही. आणि डॉट कॉम तरी कुणाचंच नाही असं समजू नका, ते चालवणारी व्हेरिसाइन अमेरिकेतल्या व्हर्जिनियात आहे, तिथल्या कोर्टाने सांगितलं की डॉट कॉम पण जप्त होतं. अंगण सगळ्यांनाच आहे, आपलं कुठलं ते बघून घ्या. भावाचंही तसंच. डॉट कॉमचा घाऊक दर कितीतरी वर्षं ७.८५ डॉलरवर बांधून ठेवला होता, २०२१ पासून २०२४ पर्यंत दरवर्षी सात-सात टक्के वाढत १०.२६ झाला, आणि आपण भरतो रुपयात, म्हणजे डॉलर चढला तरी आपल्यालाच.

तुमच्यासाठी म्हणाल तर, प्रॉडक्टचं नाव जरा वाढवून का होईना डॉट कॉम मिळत असेल तर ते मुख्य ठेवा, परवडत असेल तर एआय दाखवायला. आणि इन्व्हेस्टरला डॉट इन लोकल वाटतं म्हणणाऱ्या मित्राला विचारा, पहिले पन्नास पैसे देणारे कस्टमर कुठले आहेत? पुणे-बंगळूरचे असतील तर लोकल वाटणं हा दोष कसा काय. हां, गुगलने २०२५ च्या एप्रिलमध्ये स्वतःची देशोदेशीची पानं, आपलं गुगल डॉट को डॉट इन धरून, गुगल डॉट कॉमकडे वळवायचं जाहीर केलं हे खरं आहे, पण त्यावरून देशी शेपटं संपली असा व्हॉट्सॲप फॉरवर्ड फिरतोय तो चुकीचा. त्यांना तुम्ही कुठून बघताय ते शेपटाशिवायच कळतं. आपल्याला कळत नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत रविवारची मराठी शाळा चालवतो, पालकच शिकवतात. साइटसाठी डॉट यूएस, डॉट ऑर्ग, डॉट इन असे पर्याय आहेत. मराठी आहे म्हणून डॉट इन असावं असं काहींना वाटतं.
न्यू जर्सी

उत्तर : डॉट ऑर्ग, फार विचार करू नका ताई. मराठी असणं वेगळं नि भारतात असणं वेगळं, डॉट इन बघून तिथल्या नव्या आईबाबांना वाटेल की ही पुण्यातली कुठलीतरी ऑनलाइन शाळा आहे. डॉट यूएसला तुमचा अमेरिकेशी संबंध दाखवावा लागतो, तो तर तुमचा आहेच, पण तिथं नाव-पत्ता झाकता येत नाही. साइट कुणातरी पालकाच्या घरच्या पत्त्यावर काढणार असाल आणि लहान मुलांची शाळा आहे, तर तो पत्ता उघडा पडणं बरं नाही. डॉट ऑर्ग घ्यायला संस्था रजिस्टर असावी लागते हा पण गैरसमज, कुणालाही मिळतं. डॉट एज्यु मात्र नाही मिळणार, ते अमेरिकेत मान्यता मिळालेल्या कॉलेज-विद्यापीठांनाच. २०१९-२० मध्ये डॉट ऑर्ग चालवणारी संस्था एका खाजगी गुंतवणूकदार कंपनीला विकायचं घाटत होतं, भाव वाढतील म्हणून बरीच ओरड झाली नि शेवटी आयकॅनने एप्रिल २०२० मध्ये नाही म्हटलं. तेव्हा तूर्तास निर्धास्त राहा. शाळेचं अकाउंट मात्र एकाच पालकाच्या नावावर ठेवू नका, मुलं मोठी झाली की पालक पण शाळा सोडतात.

प्रश्न : मी मराठीची शिक्षिका आहे. विद्यार्थ्यांच्या कवितांची साइट करायची आहे आणि पत्ता पूर्ण देवनागरीतच हवा, डॉट भारत. मिळतो का, चालतो का?
वर्धा

उत्तर : मिळतो, चालतो, आणि थोडा अडखळतो. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी, मैथिली अशा भाषांना एकच. फोनवर मराठी कीबोर्डने पत्ता टाकलात की साइट उघडते. आतल्या आत काय होतं तर कॉम्प्युटर त्या देवनागरीचं रोमन अक्षरांत रूपांतर करतो, आणि ते दिसायला भयानक असतं, नुसत्या 'भारत' या शब्दाचं 'एक्स एन, दोन डॅश, एच टू बी आर जे नाइन सी' असं होतं. अडचण इथंच आहे. कुणी तुमची लिंक कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की कधी कधी देवनागरीऐवजी हे गारूड दिसतं आणि पालकांना वाटतं व्हायरसची लिंक आली. देवनागरी मेल आयडीचं पण तसंच, जीमेलला चालतो, पण शाळेच्या कुठल्या सरकारी फॉर्ममध्ये टाकायला गेलात की 'वैध ईमेल भरा' म्हणून परत.

म्हणून दोन घ्या. एक डॉट भारत, एक साधं डॉट इन, दोन्ही एकाच साइटकडे वळवलेली. फळ्यावर, पोस्टरवर, स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेवर देवनागरी, आणि व्हॉट्सॲपवर पाठवायला नि मेलला डॉट इन. नाव निवडताना जोडाक्षरं कमी असलेलं निवडा, कऱ्हाडसारखा शब्द वेगवेगळ्या कीबोर्डवर लोक वेगवेगळ्या पद्धतीने टाइप करतात आणि कॉम्प्युटरला ती वेगळी नावं वाटतात. ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच, एक वेलांटी चुकली की साइट उघडत नाही. तुमचे विद्यार्थी याबद्दल कुरकुर करतील, पण तुम्हाला हे शेपूट त्याच कारणासाठी आवडेल असा माझा अंदाज आहे.